गो, नो-गो

माझं आडनाव हुंदरे.
नवे साहेब यादी वाचताना म्हणाले, "मिस हंड्रेड!"
हॉल हसला. मीही हसले.
पहिल्या दिवशी माणूस कशालाही हसतं.

होनग्याच्या त्या फाटकातून सतरा वर्षं आत जाते मी.
आधी कंपनी शहापूरच्या एका शेटची होती,
मग पुण्याची झाली, मग अशा कुठल्या देशाची
जिथं म्हणे उन्हाळ्यात रात्रच पडत नाही.
मशीन तेच. कूलंटचा वास तोच, केसातनं न जाणारा.
भिंतीवर फक्त इंग्रजीत एक नवं वाक्य आलं,
माणसांबद्दल.

माझं काम भोकं तपासायचं.
वीतभर पोलादी तुकडा, विमानाच्या पोटात कुठंतरी बसतो.
गेजचं हिरवं टोक आत गेलं पाहिजे,
तांबडं जाता कामा नये.
बास, एवढंच.
पण गेजच्या आधी हाताला कळतं,
पिठात मीठ पडलंय का नाही हे कळतं तसं.

त्या बॅचला हात अडखळला.
बाराशे चाळीस नग,
आणि तांबडं टोक लोण्यात जावं तसं आत.

मी मीटिंगमध्ये उभी राहिले.
लेकीकडनं रात्री चार वाक्यं घोकून घेतली होती.
तिसऱ्याला सुटले
आणि मराठीतच बोलले,
"साहेब, हा माल जाऊ देऊ नका."

साहेब कोथरूडचे.
फोनवर आईशी बोलतात ते मराठी
माझ्याहून कितीतरी शुद्ध.
लॅपटॉपवरनं नजर न काढता म्हणाले,
"समबडी ट्रान्सलेट, प्लीज."

खोलीत शांतता. एसी तेवढा बोलत होता.
मग ईराण्णा हुक्केरी उठला.
एक नोव्हेंबरला ज्याच्या खिशाला लाल-पिवळी रिबन असते
आणि माझ्या दंडाला काळी फीत,
त्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळ्या टेबलावर डबा खातो,
तो ईराण्णा
माझं मराठी त्या मराठी माणसाला
इंग्रजीत सांगत होता.
अडखळत. पण चारही वाक्यं.

महिनाअखेर होती. आकडा पाहिजे होता.
माल गेला.

सात आठवड्यांनी परत आला.
मेलमध्ये कारण होतं: ह्युमन एरर.
खाली नाव होतं, या वेळी स्पेलिंगसकट बरोबर.
माझा तो कागद सिस्टीममध्ये सापडला नाही.
वर्षाच्या शेऱ्यात लिहून आलं,
कम्युनिकेशन सुधारावं.
ज्या पोराला मी गेज धरायला शिकवलं,
गुरगावहून आलेला, स्वभावानं बरा,
तो आता माझ्या सुट्टीच्या अर्जावर सही करतो.
ईराण्णाला कायमची रात्रपाळी.
एक्सेलमध्ये आम्हा दोघांच्या नावापुढं एकच शब्द आहे:
लोकल.
सत्तर वर्षं पाट्यांवरनं भांडून
जे कुणाला जमलं नाही
ते एका रकान्यानं केलं.

मग एका शुक्रवारी 'सर्वांना सामावून घेऊ' असा दिवस झाला.
व्हिडिओ लावला. कुंदा वाटला.
साहेब म्हणाले, "बेळगावचा कुंदा! अमेझिंग!"
माझ्या द्रोणावर स्टिकर होतं: मिस हंड्रेड.

या एक नोव्हेंबरला सरकारी सुट्टी होती,
आम्हाला ओव्हरटाइम.
त्याची रिबन होती, माझी फीत होती.
"ऊटा आय्त, अक्का?"
म्हणत त्यानं जोंधळ्याची भाकरी टेबलावरनं सरकवली.
मी घेतली का नाही, ते सांगत नाही.

एक मात्र सांगते.
गेलेला माल बाराशे एकोणचाळीसच होता.
तिकडच्या गोदामानं लिहिलंय, एक नग कमी.
कुणी विचारलं नाही.

तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, फडक्यात.
पाळी सुरू व्हायच्या आधी
काढते, पुसते,
तांबडं टोक लावून बघते.

जातं अजून.